घरीचकरे

डेट्रॉइटच्या अवतीभवती नोव्हाय, कॅन्टन, ट्रॉय अशी जी उपनगरं आहेत, तिथे मराठी वस्ती भरपूर आणि तिच्यातला मोठा हिस्सा मोटारींच्या धंद्यावर जगतो. त्यामुळे तिथल्या गणपतीत आरतीचं तिसरं कडवं न अडखळता म्हणणारा माणूस शोधावा लागतो. गिअरबॉक्सवर अर्धा तास बोलणारे मात्र प्रसादाच्या रांगेत आपल्या पुढे-मागेच उभे असतात. त्यांतले एक हमखास घरीचकरे. पासपोर्टावर आडनाव जोशी असेल, पाटील असेल, पण प्लंबर, सुतार, मेकॅनिक, अगदी न्हाव्याचंही नाव निघालं की "त्याला कशाला पैसे? घरीच करू" म्हणणारा तो घरीचकरे.

भारतात असताना या माणसाने पान्याला हात लावलेला नसतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपात लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा होता, तोही शेवटी वर्कशॉपातल्या मामांनीच करून दिला. पुढे स्कूटर बंद पडली की कोपऱ्यावर मिस्त्री होता. आपण शेजारी उभं राहून "कार्ब्युरेटर बघ रे" म्हणायचं, एवढंच इंजिनिअरचं काम. अमेरिकेत आल्यावर कळलं की इथे मिस्त्री तासावर पैसे घेतो आणि शेजारी उभंही राहू देत नाही. माझ्या मते दुसरा अपमान जास्त लागला. शिवाय ऑफिसात हे गृहस्थ आठवडाभर संगणकाच्या पडद्यावर गाड्या भिंतीवर आपटत असतात. त्यात आवाज होत नाही आणि हातही काळे होत नाहीत. शनिवारी त्यांना खरी गाडी लागते.

ती म्हणजे पिकअप. अमेरिकेत 1977 पासून पिकअपांमध्ये खपाला पहिला नंबर फोर्डच्या एफ-मालिकेचा, तेव्हा घरीचकरेंकडेही या शतकाच्या तोंडावरचा एक एफ-150 आहे. तो घेताना बायकोला सांगितलेलं कारण बागेसाठी माती आणण्याचं. प्रत्यक्षात त्यातून नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांच्या गाद्या आणि मंडळाच्या मखराचे खांब हिंडतात. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने चाकांवरच्या पत्र्याची जाळी करून टाकली आहे. तरी "इंजिन बघा, इंजिन!" असं ते कौतुकाने म्हणतात.

इंजिनचं ऑइल त्यांनी वर्षानुवर्षं घरीच बदललं. राहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यातले गिअर आपोआप पडतात, म्हणून लोक त्याच्याकडे आपोआप दुर्लक्ष करतात. वास्तविक आतल्या त्या लाल तेलाएवढं राबणारं गाडीत दुसरं काही नाही. इंजिनचा जोर चाकांकडे न्यायला टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच फिरतं, क्लच दाबायला त्याचाच दाब, झीज थांबवायची त्यानेच आणि उष्णता बाहेर काढायची तीही त्यानेच. 1970 च्या आसपासपर्यंत या तेलांत स्पर्म व्हेलचं तेलही असे. क्लच हिसका न देता पकडावेत म्हणून. देवमासे संरक्षित झाले आणि रसायनवाल्यांना दुसरी सोय बघावी लागली. ही माहिती मला कुठे वाचावी लागली नाही. घरीचकरेंच्या घरी पावभाजी खायला गेलं की ती मिळते.

जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदलू नये, बदललं की तो मरतो, असं सांगणारे लोक अमेरिकेत गल्लोगल्ली आहेत. म्हणे झिजलेल्या क्लचची पूड तेलात असते आणि तिच्याच आधारावर गिअर पकडलेले असतात. घरीचकरे यावर टेबल आपटतात. त्यांचं म्हणणं, गिअर घसरायला लागेपर्यंत लोक तेलाकडे बघत नाहीत, मग घाबरून बदलतात आणि आधीच मरायला टेकलेला गिअरबॉक्स गेला की खुनाचा आळ नव्या तेलावर! इथे मी त्यांच्या बाजूचा आहे.

बेत ठरला की खरेदी. मर्कॉन फाइव्ह या गिअरबॉक्सच्या तेलाच्या बाटल्या, फिल्टर, लांब नळीचं नरसाळं आणि मांजराच्या शीसाठीची वाळू. सांडलेलं तेल ती छान शोषते. गल्ल्यावरच्या मुलीने प्रेमाने मांजराचं नाव विचारलं, तर घरीचकरे म्हणाले, "एफ-150."

शनिवारी सकाळी बायकोची योगाची चटई गाडीखाली जाते आणि चटईवर घरीचकरे. या गिअरबॉक्सच्या तळाशी जो तेलाचा पॅन असतो, त्याला खाली बूच नाही. बोल्ट एकेक करून सैल करायचे, एक कोपरा कलता करायचा आणि तेल तिथूनच पडेल अशी प्रार्थना करायची. बोल्टांवर गंज, म्हणून आदल्या रात्री त्यांना औषध मारून ठेवलेलं. तेल धरायला परात मागितली होती. बायकोने नुसतं बघितलं. मग मंडळाच्या गणपतीत पुलाव आलेला ॲल्युमिनियमचा ट्रे धुऊन ठेवला होता, तो काढला. पुलाव जागचा हलत नाही, तेल हलतं, एवढा फरक नजरेआड झाला. पाच क्वार्ट तेलाने भरलेला तो पातळ ट्रे दोन्ही हातांनी उचलताच मधोमध मुडपला. सबंध वाळू तिथेच संपली. चटईबद्दल त्या घरात अजूनही बोलत नाहीत.

पण त्या दिवसाचा मानबिंदू पुढे होता. पॅनच्या तळाशी एक पिवळं प्लास्टिकचं बूच पडलेलं! घरीचकरेंचा चेहरा पांढरा. गिअरबॉक्सच्या पोटातलं काही तुटून पडलं असणार. ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन गेला, तेव्हा उलगडा झाला. कारखान्यात गिअरबॉक्स तयार झाला की धूळ जाऊ नये म्हणून डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या काठीच्या, भोकात हे बूच बसवत, आणि नंतर गाडीवर नळी चढवताना ते सरळ आत ढकलून देत. पॅनमध्ये ते निरुपद्रवी पडून राहतं. म्हणजे गाडी कारखान्यातून निघाल्यापासून हा पॅन कुणीही उघडलेला नव्हता! घरीचकरेंना झाला तसा आनंद मी अपत्यप्राप्तीच्या वेळीच बघितला आहे. ते बूच आता दिवाणखान्यात मुलाच्या बुद्धिबळाच्या ढालीशेजारी असतं. पॅनमधल्या लोहचुंबकावर साचलेला करडा लगदाही त्यांना ठेवायचा होता. "बारीक लगदा म्हणजे नेहमीची झीज, तुकडे निघाले असते तर काळजी," असं ते आल्यागेल्याला सांगत होते, पण तो बायकोने फेकला.

नवा फिल्टर बसवण्याआधी जुन्याचं रबरी सील वरच चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोट घालून बघायचं असतं; ते बोटभर तेल कोपरापर्यंत येतं. पॅनचे बोल्ट जेमतेम दहा फूट-पौंडांनी आवळायचे, जास्त जोर लावला की ॲल्युमिनियममधले आटे जातात. एरवी लोणच्याच्या बरणीचं झाकण बायकोला उघडता येणार नाही असं लावणारा हा माणूस इथे प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच लावून आवाजाची वाट बघत होता.

शेवटी नवं तेल डिपस्टिकच्या नळीतून आत. इंजिन चालू, मुलगा ब्रेकवर पाय देऊन प्रत्येक गिअरमधून दांडा फिरवतोय, बाप काठी पुसून पुन्हा बुडवतोय. "पार्कमध्ये टाक. इंजिन बंद करू नकोस. बंद नको म्हटलं ना!" मुलगा इथेच जन्मलेला. त्याच्या मते शनिवारी माणसं झोपतात.

"सगळं तेल बदललं ना एकदाचं?" बायकोने विचारलं.

"सगळं कुठलं? आत चौदा क्वार्ट असतं. पाचच पडलं. बाकीचं बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं."

"म्हणजे विरजण."

घरीचकरे गप्प झाले. त्यांना दुसरा शनिवार दिसू लागला होता.

सांडण्यातून वाचलेलं जुनं तेल दुधाच्या कॅनांत भरून त्यांनी पार्टांच्या दुकानात दिलं, तिथे ते फुकट घेतात. मग आम्हा सगळ्यांना एकेक करून पिकअपमध्ये बसवून फिरवलं. "जाणवला? दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला, जाणवला?" मला काहीच जाणवलं नाही. तेच कौतुक आहे, असं ते म्हणाले.

परत आल्यावर त्यांची नजर माझ्या गाडीवर गेली. "हिचं कधी बदललंय?" मी म्हटलं, कंपनी म्हणते लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही.

"कुणाचं लाइफटाइम? वॉरंटीचं!" असं म्हणत ते वाकून खाली बघायलाही लागले. मी घाईघाईने सांगितलं की गाडी लीजवर आहे, पुढच्या वर्षी परत जाणार. घरीचकरे उठले, हात पुसले आणि आत जाऊन बायकोला म्हणाले, "यांना चहा दे. पाहुणे आहेत."