सांसद प्रतिनिधी

सौंसर-पांढुर्ण्याकडे खासदार दिसेल न दिसेल, सांसद प्रतिनिधी हमखास दिसतो. आमच्या भाऊंच्या बोलेरोवर लाल पट्टी आहे. तीत ‘सांसद’ वीतभर आणि ‘प्रतिनिधी’ मुंगीएवढं. टोलनाक्यावरचा पोरगा मुंगीपर्यंत पोचायच्या आत गाडी पार झालेली असते.

छिंदवाड्यातून कमलनाथ 1980 पासून नऊदा निवडून गेले. भाऊंच्या तोंडी मात्र कायम “आपण आलो”. 1997च्या पोटनिवडणुकीत सुंदरलाल पटवांनी पाडलं, तेव्हा तेवढं “ते पडले”. 2019ला मध्य प्रदेशातल्या 29 जागांपैकी काँग्रेसची एकच आली, नकुलनाथांची. ती भाऊंनी स्वतःच्या खिशातून काढून दिल्यासारखी वर्षभर सांगितली.

2024ला भाजपचे बंटी साहू लाखावर मतांनी आले. भाऊंना ताप भरला. आठ दिवसांनी घराबाहेर पडले ते गळ्यात नवा दुपट्टा घालूनच. पट्टी बदलावी लागली नाही, तिच्यावर पक्षाचं नाव पहिल्यापासूनच नव्हतं. याला मी तरी दूरदृष्टी म्हणतो. पांढुर्णा जिल्हा 2023मध्ये शिवराजसिंहांच्या सरकारनं केला, त्या वेळी भाऊ विरोधात होते. तो मुळात त्यांनीच मागितला होता, हे आम्हाला दुपट्ट्यानंतर कळलं. मुख्यालय सौंसरला का नाही, असं कोणी सौंसरकर विचारतो तेव्हा भाऊंना नेमका फोन येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार होते, म्हणजे दोन काठांची दगडफेक. पलीकडे सावरगाव, अलीकडे पांढुर्णा, मध्ये पळसाचा झेंडा. भाऊंची सासुरवाडी पलीकडची, मतदार दोन्हीकडचे. म्हणून ते अधिकाऱ्यांच्या मंडपात, पंख्याखाली.

परवा त्यांचा भाचा नेदरलँड्सहून आला. म्हणाला, “मामा, तिथं लोकसभेसारख्या सभागृहात दीडशे खासदार, पण मतदारसंघच नाही. अख्खा देश मिळून एक.”

भाऊंनी खर्रा घोळायचा थांबवला. “मंग डीपी जळली तं लोकं कोनापाशी जाते?”

“कंपनीला फोन करतात.”

“अन् थे येते?”

“येतात.”

“चिठ्ठी नाई, काई नाई?”

“नाही.”

“बरं, सांसद प्रतिनिधी किती हायेत?”

“एकही नाही, मामा.”

भाऊंनी खर्रा तोंडात टाकला. “गरीब देश दिसते बाप्पा.”