ट्रू, फॉल्स आणि जिजी

सरकारने मला ५८ व्या वर्षी म्हातारा ठरवून घरी पाठवलं. बँकेने साठीपर्यंत दम धरला आणि मग ठेवीवर अर्धा टक्का व्याज वाढवून देऊन म्हातारपणाची पोच दिली. एसटीच्या हिशेबाने मी ६५ ला अर्धा म्हातारा झालो; पुरा व्हायला ७५ लागतात, मग प्रवास फुकट. रेल्वे साठीतच सवलत द्यायची, ती २०२० च्या मार्चपासून बंद झाली. तशीही बीड शहरात रेल्वे पोचली २०२५ च्या सप्टेंबरात, त्यामुळे सवलत गेल्याचं दुःख करायलाही आमच्याकडे गाडी नव्हती.

खात्यागणिक बदलणाऱ्या या म्हातारपणावर इंग्रजीत उतारा असतो, त्याखाली प्रश्न असतात आणि उत्तरं बरोबर आली तर माणूस थेट विलायतेला जातो, हे मला पुतणीमुळे कळलं. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकली, पुण्यात रात्रपाळ्या केल्या, आता तिला इंग्लंडला नर्स म्हणून जायचंय. त्यासाठी आयईएलटीएस नावाची परीक्षा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला वाचनात ७ बँड लागतात. ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. साधारण ३० बरोबर आले की ७ बँड.

"तात्या, तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत. तुम्हीच घ्या माझी तयारी," ती म्हणाली.

आता, बोर्डाच्या उताऱ्याचं शास्त्र मला तोंडपाठ. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, सापडला की त्याच्या मागचं एक आणि पुढचं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. उतारा कळायची गरज नाही. कळत बसलं तर वेळ जातो. या शास्त्रावर माझे विद्यार्थी तलाठी झाले, फौजदार झाले, एक तर इंग्रजीचाच प्राध्यापक झाला. विलायतवाल्यांना याचा सुगावा लागलेला दिसतो, कारण प्रश्नात जो शब्द असतो तो ते उताऱ्यात ठेवतच नाहीत.

पुतणी आली ती दिवाळीनंतर, म्हणजे गाव रिकामं झाल्यावर. आमचं गाव धारूरच्या अंगाला, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचे फोन सुरू होतात, मजुरीची आगाऊ उचल आधीच घेतलेली असते, आणि एके रात्री ट्रक लागतात. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. ट्रकात पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, सरपण, शेळी, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि अंगावर पिणारं लेकरू. सांगली, कोल्हापूर, नाहीतर खाली कर्नाटकात. माघारी येणार गुढीपाडव्याच्या आगेमागे. तोवर गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं, आठवड्यातून एकदा ग्रामसेवक आणि कुत्री. या काळात ग्रामसभेत ठराव हात वर करून मंजूर होत नाहीत, कारण खांदे वर जात नाहीत. कोण कधी खोकला यावरून अंदाज घ्यावा लागतो.

आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त ओसरीच्या डाव्या खांबापाशी येते, म्हणून शिकवणी ओसरीवर. आणि ओसरीवर म्हटल्यावर जिजी आणि बापू आलेच. जिजी नात्याने माझी चुलती, बापू तिचा थोरला लेक.

"काय वाचायलीस गं?" जिजीने विचारलं.

"म्हाताऱ्या माणसांवर धडा आहे, जिजी."

"आता गं बया! आमच्यावर?"

"जपानच्या."

जपानात १०० माणसांत २९ जण पासष्टीच्या वरचे आहेत, हे तिने वाचून दाखवलं. बापूंनी ओसरीवर नजर फिरवली. आम्ही तिघं आणि ती एकटी. "आपलं पंच्याहत्तर भरतंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिला नंबर आल्याचं समाधान होतं.

मग आले ते प्रसिद्ध प्रश्न. विधान दिलेलं असतं; ते उताऱ्याशी जुळलं तर ट्रू, उलटं असलं तर फॉल्स, आणि उताऱ्यात त्याबद्दल काहीच नसलं तर नॉट गिव्हन. आमच्या काळी चूक की बरोबर एवढंच होतं. नाणं उडवलं तरी निम्मे गुण पदरात. हा तिसरा पर्याय ज्याने काढला त्याने जगभरातल्या नाणं उडवणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय दिला. बापूंना तो फार आवडला. त्यांचा बांधाचा दावा तहसिलीत वर्षानुवर्षं पडून आहे. तिथे हीच सोय असती तर पहिल्या तारखेला निकाल लागला असता, असं त्यांचं मत.

पुतणीने त्यांना समजेल असं उदाहरण घेतलं. "बापू, समजा उताऱ्यात लिहिलंय, मुकादमाने तुमच्या पोराला उचल दिली. आता विधान आलं, पोराने उचल घेतली. काय?"

"ट्रू."

"मुकादमाने काहीच दिलं नाही."

"फॉल्स."

"पोराची उचल फिटली."

"फॉल्स!"

"नाही बापू, नॉट गिव्हन. फिटली की राहिली, हे उताऱ्यात कुठं म्हटलंय?"

"उताऱ्यात नसंल. उचल फिटत नसती, हे समद्या गावाला म्हाईत हाय."

"ते विसरायचं. आपल्याला काय माहीत आहे ते धरायचं नाही, फक्त उताऱ्यात काय आहे ते."

बापू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. स्वतःला पक्कं ठाऊक असलेलं विसरायचे परीक्षेला सतरा-अठरा हजार रुपये भरायचे, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. माझीही तीच अडचण होती, पण मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे मला मान डोलावता येते.

पुढच्या विधानाशी गाडी अडली. आशय असा की म्हातारी माणसं कमावत्या पिढीवर अवलंबून असतात आणि त्यांची संख्या वाढली की कमावत्यांवर भार वाढतो. हे मोजायची रीतही उताऱ्यात होती: कामाच्या वयातली माणसं खाली लिहायची, म्हातारी वर लिहायची आणि भागायचं. लोकसंख्याशास्त्रात १५ ते ६४ हे कामाचं वय. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे अवलंबून. मी पाटीवर आमच्या गावाचा हिशेब मांडायला घेतला. वरचा आकडा भराभर जमला, खाली लिहायला कुणी सापडेना. अंगणवाडीताई, किराणावाला आणि खुद्द पुतणी. पुतणी इंग्लंडला निघालेली. किराणावाल्याचंही पुण्याला जायचं घाटत होतं. उद्या अंगणवाडीताईंनी रजा टाकली तर छेदात शून्य येईल आणि भागाकारच करता येणार नाही.

"कोन कुनावर अवलंबून म्हनलीस?" जिजीने विचारलं. तिचा नातू-नातसून कोल्हापूरकडे फडात. त्यांची चार लेकरं इथे. पहाटे उठून त्यांच्या भाकरी थापते जिजी. त्यांना अंघोळी घालून शाळेत हाकलते जिजी. नर्सताई लस द्यायला आली की पळालेलं पोर ज्वारीच्या कणगीमागून काढते जिजी. दर रविवारी नातसून फडातून फोन करते तेव्हा धाकटीचा दात पडल्याची बातमी देते तीच, आणि नातसून रडायला लागली की, "रड नंतर, बॅलन्स संपंल," असं म्हणते तीही तीच.

"उताऱ्याप्रमाणे उत्तर ट्रू आहे, जिजी," पुतणी खालच्या आवाजात म्हणाली.

"उतारा ल्हिनाऱ्याला म्हनावं, चार दिवस ये इकडं."

जिजीचं वय काय, हा प्रश्न आयईएलटीएसवाल्यांनी विचारावा इतका अवघड आहे. रझाकारांच्या धामधुमीत, म्हणजे १९४८ साली, बापू तिच्या कडेवर होते. म्हणजे तिने नव्वदी ओलांडली. बापूंना शाळेत घालताना गुरुजींनी डोक्यावरून हात घेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायला लावला, कान हाताला लागला, तेव्हा वय सहा ठरलं आणि तारीख १ जून. महाराष्ट्रातली निम्मी प्रजा याच पद्धतीने १ जूनला जन्मली. माझीही तीच तारीख आणि मी नावं घातलेल्या पुष्कळ पोरांचीही. सटवाईने कपाळावर काय लिहिलं ते लिहिलं, जन्मतारीख दाखल्यावर लिहिली आम्ही. दर ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची झुंबड उडते ती त्यामुळेच. हार एकदमच सांगितले की स्वस्त पडतात.

जिजी शाळेत गेलीच नाही, त्यामुळे तिला जन्म द्यायचं काम पुढे कार्ड काढणाऱ्या पोरावर पडलं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टाकलं: १ जानेवारी १९५१. बापूंच्या दाखल्यावर १ जून १९४९. म्हणजे कागदोपत्री जिजी आपल्या थोरल्या लेकापेक्षा दीड वर्षाने धाकटी. एसटीत बापू फुकट बसायचे आणि त्यांच्या मातोश्रींना तिकीट पडायचं. जिजीने केजच्या गाडीत कंडक्टरशी घातलेला वाद आमच्या भागात अजून सांगतात. बाई म्हणून अर्धं माफ, २०२३ पासून. पासष्टीच्या वरची म्हणून अर्धं माफ, ते आधीपासून. "अर्धं आन् अर्धं किती झालं रं बाबा?" कंडक्टर शिकलेला होता, त्याने नियम सांगितला की दोन्हींपैकी एकच. जिजीने अर्धे पैसे दिले, पण पुढच्या स्टँडापर्यंत सगळी गाडी तिच्या बाजूने होती. शिवाय अंगठ्याच्या यंत्रावर तिचा ठसा उमटत नाही. जन्मभर कोयता, विळा आणि जात्याचा खुंटा धरून बोटं गुळगुळीत झालीत. मला निदान दर नोव्हेंबरात बँकेत सही करून जिवंत असल्याचा दाखला देता येतो. यंत्राच्या मते जिजीचा अजून जन्मच व्हायचाय.

म्हणून चांदीच्या पेल्याचा परिच्छेद आला तेव्हा ती पुढे सरकून बसली. शंभरी गाठणाऱ्याला जपानचं सरकार चांदीचा पेला देतं. १९६३ साली हे सुरू झालं तेव्हा सबंध देशात शंभरी पार केलेले १५३ जण होते. २०२४ मध्ये ते ९५ हजारांवर गेले, त्यात बहुतेक बायकाच. खर्च परवडेना, तेव्हा २०१६ पासून पेला नुसता चांदीच्या मुलाम्याचा केला.

"मुलामा कामून?" बापू चिडले. "माणसानं शंभर वर्षं दम काढायचा आन् हातात गिलिट?"

"मला किती राह्यलेत?" जिजीने विचारलं. मी हिशेब केला. देहाने सात-आठ, कागदाने पंचवीसच्या पुढे.

"मग तवर पितळंचा व्हईल," ती म्हणाली.

सगळ्यात छळवादी प्रश्न म्हणजे रिकाम्या जागा भरा, दोनपेक्षा जास्त शब्द नकोत. तिसरा शब्द लिहिला की उत्तर बरोबर असूनही चूक. बीड जिल्ह्यात दोन शब्दांत उत्तर देणारा माणूस एकतर भांडून आलेला असतो किंवा पुढारी असतो. जपानने म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर काढलेल्या उपायाबद्दल एक जागा होती. उपाय असा की सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या पिलासारखं एक मऊ यंत्र, मांडीवर घ्यायचं, कुरवाळलं की आवाज करतं, मान वळवतं. त्याचं नाव पारो. नाव ऐकून बापूंनी, सिनेमाचा विषय निघाला असं वाटून, मान वर केली. जिजीने सगळं ऐकून घेतलं. यंत्राला चारा लागत नाही, ते दूध देत नाही, ते व्यात नाही, एवढी चौकशी केली आणि उपाय सांगितला:

"शेळी पाळा."

शब्दमर्यादेत बसणारं उत्तर त्या दिवशी तेवढं एकच मिळालं.

तिला मात्र वेगळंच काहीतरी डाचत होतं. "का गं, त्या विलायतंतल्या म्हाताऱ्यांची लेकरं कुठं गेलीत ऊस तोडायला?"

"ऊस नाही जिजी. पण कामालाच जातात. लांब राहतात."

"आन् म्हनून तुला बोलवायलेत."

"हो."

"उचल किती देनार?"

"उचल नाही. उलट परीक्षेची फी मीच भरलीय."

"मुकादम कोन हाय?"

"मुकादम नसतो. पुण्याला एजंट आहे, तो कागदपत्रं बघतो."

जिजीने बापूंकडे पाहिलं, बापूंनी माझ्याकडे. मी घाईघाईने पुढच्या प्रश्नावर आलो.

परीक्षा पुण्याला झाली. म्हाताऱ्यांवरचा उतारा आलाच नाही. आला मधमाश्यांवर. ओसरीवर ही बातमी कळली तेव्हा जिजीचा चेहरा असा झाला की जणू इतक्या दिवसांची तिची मेहनत कुणीतरी पाण्यात घातली. पण बापू खुलले. तरुणपणी त्यांनी बालाघाटच्या कड्यांवरची आग्या मोहोळं रात्री दोराला लटकून काढलेली. या विषयावर त्यांना विचारायचं सोडून पुण्याला कशाला गेलीस, असा त्यांचा सूर.

"काय हुतं त्यात?"

पुतणीने आठवून सांगितलं. कामकरी माशी वयात आली की पहिले दोन-तीन आठवडे पोळ्यातच राहते, अळ्यांना भरवते, त्यांची देखभाल करते. इंग्रजीत तिला नर्सच म्हणतात. वय झालं की मग ती बाहेर पडते, लांबलांब जाऊन मधासाठी मकरंद गोळा करते.

"म्हंजी तरण्या घरी लेकरं सांभाळतेत आन् म्हाताऱ्या तोडीला जातेत?" जिजीने खात्री करून घेतली.

"हो."

"ट्रू," बापू म्हणाले. "म्या बघितलंय."

"बापू, तुम्ही बघितलेलं धरायचं नसतं."

"आन् समदा मध शेवटी कोन खातंय," जिजी म्हणाली, "ते इचारलं का न्हाई?"

तरुणपणी मोहोळं झाडलेले बापू जरा सावरून बसले. "ते इचारत नसतेत," ते म्हणाले. "तसं इचारत बसलं की पेपर लांबतो."