दिराचं नाव काढू नका

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की भोर-वेल्ह्याकडच्या घरात पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी मांढरदेवच्या काळूबाईला नवस. मग सुनेच्या तपासण्या: रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टर हटून बसले तर. वास्तविक ती सर्वांत सोपी आणि बिनदुखण्याची. दोन ते सात दिवस संयम, एक नमुना, दोष निघाला तर काही आठवड्यांनी पुन्हा एक. तेवढ्यासाठी बाईनं वर्षानुवर्षं वांझ म्हणवून घ्यायचं?

नवऱ्यात दोष निघाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. शुक्रजंतू कमी असले तरी प्रयोगशाळेत एक शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडता येतो. वीर्यात एकही नसला तरी काहींच्या वृषणातून तो काढता येतो. हे सगळं फसल्यावर दात्याचा विचार करायचा.

पण तो विचार निघाला की दार लावून बैठक बसते. परक्याचं बीज नको, घरचंच रक्त हवं, आणि मग धाकट्या दिराचं नाव पुढे येतं. “भावाचं चालेल ना, डॉक्टर?”

नाही चालणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2005 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नातेवाइकाचं, ओळखीच्या मित्राचं वीर्य वापरायला स्पष्ट मनाई होती. 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानं दात्याची तपासणी, वीर्य घेणं आणि साठवणं हे काम फक्त नोंदणीकृत बँकेकडे दिलं. दाता 21 ते 55 वर्षांचा हवा. एका दात्याचं वीर्य एकाहून जास्त जोडप्यांना द्यायचं नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांच्या तपासण्या सक्तीच्या. जन्मलेलं मूल कायद्यानं त्या जोडप्याचंच, दात्याचा त्याच्यावर काडीचा हक्क नाही.

मला ही मनाई योग्य वाटते. ब्रिटनमध्ये ओळखीचा दाता घेऊन दवाखान्यात जाता येतं, हे खरं. पण तिथला दाता बहुधा त्याच अंगणात राहत नसतो, त्याच सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं. आपल्याकडे बांधावरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो. त्या भाऊबंदकीत उद्या मूल ओढलं जाणार नाही, याची हमी कोण देणार? आणि सासू, सासरा, नवरा समोर बसलेले असताना सुनेनं दिलेला होकार हा होकार नसतो.

महाभारतातल्या व्यासांच्या नियोगाचा दाखला कुणी देऊ नये. सत्यवतीनं सुनांची कशीबशी समजूत घातली होती. अंबिकेनं भीतीनं डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली, आणि दुसऱ्यांदा पाठवायची वेळ आली तेव्हा अंबिकेनं स्वतःच्या जागी दासी पाठवली. त्या दोघींचं उत्तर याहून स्पष्ट काय असणार!

नात्यातला दाता पुढे काय करू शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2024 मध्ये पाहिलं. तिथे प्रश्न स्त्रीबीजाचा होता. धाकट्या बहिणीनं मोठीसाठी बीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला, धाकटी तिथे राहायला गेली, आणि मोठीला सांगण्यात आलं की मुली तुझ्या नाहीतच. न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी बीज देणारीला आईपणाचा हक्क नाकारला आणि आईला मुलींना भेटण्याची परवानगी दिली. पण सख्ख्या नात्यातल्या दानानंतर एका आईला स्वतःच्या मुलींना भेटायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

कायद्यात एक उणीव मात्र मला बोचते. ब्रिटननं एप्रिल 2005 पासून नियम बदलला. तेव्हापासूनच्या दात्यांपासून झालेली मुलं 18 व्या वर्षी दात्याचं नाव विचारू शकतात. आपल्याकडच्या मुलांना तो हक्क नाही. घराण्यातल्या आजारांची माहिती तरी त्यांना मिळायलाच हवी.

भोर-वेल्ह्यातल्या नवऱ्यांना माझी विनंती आहे. नसरापूर, खेड शिवापूर, कात्रज करत पुण्याला जायचंच आहे, तर पहिली तपासणी स्वतःची करा. दाता लागलाच तर बँकेची नोंदणी विचारा, कागद वाचून सही करा. बायकोशी घरातलं कुणी नसताना बोला, आणि ती नको म्हणाली तर तिथेच थांबा. भावाला यात ओढू नका.