तीस टक्के माफ

आमच्या मंडईतल्या कोथिंबीरवाल्या मावशींचा क्यूआर कोड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यावा असा आहे. प्लॅस्टिकच्या वेष्टनात शिरलेलं पावसाचं पाणी, कडेला चिखलाचा अंगठा, मधोमध चिकटलेलं मेथीचं पान. "मावशी, स्कॅनर कुठंय?" विचारलं, की जुडी बांधता बांधता त्या हनुवटीनं खांब दाखवतात. मोबाइल धरला की क्षणात लागतो. आमच्या टीव्हीचा नवाकोरा रिमोटसुद्धा इतका आज्ञाधारक नाही.

याचं श्रेय जपानच्या मासाहिरो हारा या इंजिनिअरचं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत ते होते. रेघांच्या बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, त्यामुळे एकेका खोक्यावर ढीगभर बारकोड वाचून कामगार टेकीला आले होते. दुपारच्या सुट्टीत 'गो' खेळताना पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून हारांना युक्ती सुचली आणि १९९४ साली हा चौकोन जन्मला. (आमच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत वर्षानुवर्षं रमी चालते. निष्पत्ती शून्य.)

कारखान्यात तेलकट हात लागायचेच, म्हणून कोडातच दुरुस्तीचं गणित भरलेलं असतं. सर्वात वरच्या पातळीचा कोड सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो. पस्तीस टक्क्यांवर आम्हाला पास करणाऱ्या बोर्डापेक्षा हे कडकच! कोपऱ्यांतले तीन चौकोनी डोळे मात्र शाबूत हवेत. त्यांतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१. छापील कागदांवर ते सहसा सापडत नाही, हे हारांच्या चमूनं मासिकं, पत्रकं, खोकी पालथी घालून ठरवलं. चौथ्या कोपऱ्यात तसा डोळा नाही, म्हणून कोड उलटा टांगला तरी यंत्राला दिशा कळते. मावशींनी तो उलटाच टांगलाय.

डेन्सोनं पेटंट असूनही कुणाकडून पैसे मागितले नाहीत, त्यामुळे आता आधार कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत हाच. एका पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये'च्या खाली तो पाहून आमच्या काकांनी खवचट हसत स्कॅन केला. कार्यालयाचा नकाशा उघडला. काका अजून नाराज आहेत.

माझी तक्रार कोडाबद्दल नाही, त्याच्या जोडीला आलेल्या बोलक्या डब्याबद्दल आहे. परवा घासाघीस करून पंधराची जुडी दहाला पदरात पाडली. डब्यानं "दहा रुपये" अशी भर मंडईत दवंडी पिटली आणि नुकतेच पंधरा मोजलेल्या शेजारच्या काकू गर्रकन वळल्या. मावशींनी त्यांच्या पिशवीत मूठभर कढीपत्ता कोंबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दादा, उद्यापासून तुमी रोखच देत जावा."