फोरमन

नगरच्या सावेडीतल्या कुठल्याही कॉलनीत सकाळी सातला फेरी मारा. दूधवाला येऊन गेलेला असतो, पेपर पडलेला असतो, आणि एखाद्या उभ्या गाडीच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत, कान देऊन एक गृहस्थ उभे असतात. हे फोरमन. ते कुठून निवृत्त झाले याला फारसं महत्त्व नाही. कुणी एसटीच्या कार्यशाळेतून, कुणी नागापूरच्या एमआयडीसीतून, कुणी साखर कारखान्यातून, कुणी वाहननगरच्या व्हीआरडीईतून. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे फोरमनलाही नाही. नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन साहेबांनी निरोप दिलेला असतो, पण ती बातमी त्यांच्या हातांपर्यंत पोचलेली नसते.

ओळखायला सोपे. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि सहा इंची पोलादी पट्टी. स्कूटरच्या डिकीत रबराचे तुकडे, ग्रीसची डबी, वायसर, आणि ‘असू दे, लागतं’ या सदरात मोडणारं बरंच काही. लग्नाला गेले तर नवरा-नवरीच्या आधी मांडवाचे क्लॅम्प बघतात. दवाखान्यात भेटायला गेले तर सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरतंय हे पेशंटला सांगून येतात.

आमच्या गल्लीतले फोरमन एसटीचे. बॉडी-फिटर म्हणून लागले आणि वर चढत गेले. १ जून १९४८ ला माळीवाड्यातून पहिली एसटी पुण्याला निघाली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, हा इतिहास नगरचं पोरगंसुद्धा सांगेल. पण फोरमन सांगतात तेव्हा त्या बेडफर्डमध्ये तिसरे तेच होते असं वाटायला लागतं. त्यांचा जन्म त्यानंतरचा आहे. हे एकदा कुणीतरी काढलं, तर म्हणाले, “मी बघितलं असं कुठं म्हणतोय? मी सांगतोय.” त्यांच्या मते जगात वाहनांच्या बॉडीचे दोनच प्रकार: दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बांधलेली, आणि बाकीच्या.

बाकीच्यांतली एक गाडी आमच्याच गल्लीत आली. समोरचा मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर केव्हातरी हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं असावं. त्याने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, गॅसची शेगडी, पंखा आणि लाकडी कपाटं बसवून घेतली, बाजूला गुंडाळायची ताडपत्री लावली, आणि पत्रा कापून चांगली मोठी सरकती खिडकी काढली. आरटीओच्या परवानगीला त्याने जितके हेलपाटे घातले तितक्यात भारतदर्शन झालं असतं. फोरमननी पहिल्याच दिवशी गाडीभोवती चक्कर मारली, खिडकीच्या कडेवर नख फिरवलं आणि काही न बोलता निघून गेले. हे वाईट लक्षण असतं.

नगरमध्ये ती खिडकी गळत नव्हती. नगरमध्ये काहीच गळत नाही. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही कर्जत-जामखेडकडे आभाळ बघण्यातच आषाढ जातो. इथे छत्री मुख्यतः उन्हासाठी. पण त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला सह्याद्रीच्या कड्यावर ढग अडतात आणि आमच्या कित्येक पट पाऊस तिथे ओततात. मुलगा बायकोला घेऊन ऐन पावसाळ्यात भंडारदऱ्याला गेला. मध्यरात्री गादी ओली. परत आल्यावर त्याने सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि खिडकीला चौफेर असा लेप दिला की काच कुठे संपते ते कळेना. पुन्हा गेला. या वेळी उशीसुद्धा भिजली.

मग फोरमनना बोलवावं लागलं. ‘बोलवावं लागलं’ हे मुलाचं म्हणणं. प्रत्यक्षात गाडी गल्लीत शिरली तेव्हा ते स्टूल घेऊन फाटकाशीच उभे होते.

“पाणी कुठून येतं?” त्यांनी विचारलं.

“इथून काका. हा खालचा कोपरा.”

“ते दिसलं कुठं ते झालं. आलं कुठून? चोर स्वयंपाकघरात सापडला म्हणून तो काय डब्यातून आला का लेका?”

खिडकीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी टपावर चढले. पन्हळ तपासली, शिवण तपासली, मागच्या दिव्यांचं रबर दाबून पाहिलं. मग आतलं प्लायचं पॅनेल उतरवलं. खिडकीच्या खाली प्लाय काळं पडून फुगलं होतं. पण काळा ओघळ खिडकीपाशी सुरू होत नव्हता. तो वरून येत होता. फोरमनच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

तरी पुरावा हवाच. त्यासाठी पाणी, आणि पाणी म्हणजे नळ येईल त्या दिवशी. नळ आला. मुलाने पाइप धरून थेट टपावर धार सोडली, तसा फोरमननी तो हिसकावून घेतला. “सगळीकडनं भिजवल्यावर काय कळणार, कपाळ?” पद्धत अशी: धार आधी खिडकीच्या खाली. थांबायचं. मग खालच्या पट्टीवर. थांबायचं. मग उभ्या कडा, एकेक. खालून वर, वीत-वीत. ज्या उंचीला आत थेंब येईल तिथे गुन्हेगार. मला आत टॉर्च आणि पेपरचे कोरडे तुकडे देऊन बसवलं होतं. “आलं?” “नाही.” “आलं?” “नाही.” फाटकातून काकूंचा आवाज आला, “अहो, मुळा धरणातनं पंप लावून पाणी आणायचं, अन् तुम्ही ते कोरड्या गाडीवर ओता!” फोरमननी ऐकलं नाही. धार खिडकीची वरची कड ओलांडून ताडपत्रीच्या ब्रॅकेटपर्यंत गेली आणि माझ्या हातातला पेपर टपकन भिजला.

ब्रॅकेटचा एक स्क्रू सैल होता. भोकातून पाणी आत, पत्र्याच्या मागून खाली, खिडकीच्या चौकटीला वळसा आणि कोपऱ्यातून गादीवर. खिडकी म्हणावी तर बरीचशी निर्दोष. बरीचशी अशासाठी, की चौकटीच्या खालच्या चॅनेलला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं ठेवलेली असतात. सरकत्या काचेच्या फटीतून थोडं पाणी चॅनेलमध्ये उतरणारच, ते त्या भोकांतून बाहेर पडतं. मुलाने ती सिलिकॉनने लिंपून टाकली होती. हे दिसलं तेव्हा फोरमन गाडीच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ गप्प राहिले.

“पाण्याला बाहेर जायचा तेवढा एक रस्ता होता,” शेवटी म्हणाले. “तोच तू बंद केलास. इंजिनिअर ना रे तू?”

“कॉम्प्युटरचा, काका.”

“तरीच.”

खिडकी उतरवायला अर्धा दिवस गेला, कारण सिलिकॉन. ते सोलायचं, खरवडायचं, मग थिनरने पुसायचं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनही धड धरत नाही. शिवाय गाडी रस्त्यावर सारखी पिळवटत असते, पत्रा इकडे जातो, चौकट तिकडे. तिथे मऊ राहणारी, ताणली जाणारी ब्युटाइलची टेप पाहिजे. मुलाने ती मागवली. फोरमननी तुकडा चिमटीत मळला, ताणला, हुंगला आणि “हं” म्हणाले. ‘हं’ ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी. ती घेतलेले कारागीर नगरमध्ये बोटावर मोजण्याइतके आहेत.

मुलगा ड्रिल मशिन घेऊन आला, ते त्यांनी बाजूला ठेवायला लावलं. स्क्रू हातानेच, समोरासमोरचे, प्रत्येकाला दोन फेरे. “आता चहा.” चहानंतर अर्धा फेरा. रात्रभर गाडी तशीच. दुसऱ्या दिवशी उन्हानं टेप नरम होऊन कडेने बाहेर आली, तेव्हा आणखी अर्धा फेरा. बाहेर आलेली टेप बाद झालेल्या एटीएम कार्डाने कापून काढली. भोकं तारेने मोकळी केली. ब्रॅकेटचे सगळे स्क्रू काढून टेप घालून पुन्हा बसवले, सैल नसलेलेसुद्धा, कारण एक सैल झाला म्हणजे बाकीच्यांच्या मनात काय चाललंय ते सांगता येत नाही. पैशाचं नाव काढलेलं फोरमनना चालत नाही. मजुरी एवढीच, की काम चालू असताना दापोडीच्या गोष्टी ऐकायच्या. मुलाने नंतर मला खासगीत सांगितलं, की पैसे परवडले असते.

पण नगरच्या नळाची परीक्षा म्हणजे घरचा पेपर. खरी बोर्डाची परीक्षा घाटघरला. तेव्हा फोरमन आणि काकूंना गाडीत घालून संगमनेर, अकोले, राजूर करत मुलगा निघाला, मीही मागच्या सीटवर होतो. भंडारदऱ्याला धरण बघायला उतरलो. १९२६ साली पुरं झालेलं, ब्याऐंशी मीटर उंचीचं दगडी विल्सन धरण. भिंतीतून सोडलेलं पाणी खाली खडकावरून पसरत पडत होतं, त्याला अंब्रेला फॉल म्हणतात, आणि माणसं ओळीने फोटो काढत होती. फोरमन कठड्याला टेकून म्हणाले, “इथं सोडलं तर फॉल, गाडीत पडलं तर लीकेज.”

घाटघरला गाडी उभी केली आणि रात्री पाऊस आला. तो पाऊस पडत नाही, आडवा मारतो. काकूंनी शेगडीवर पिठलं टाकलं. फोरमन टॉर्च घेऊन खिडकीपाशी बसले. चॅनेलमध्ये पाणी साचायचं आणि भोकांतून बाहेर जायचं. प्लाय कोरडं. कोपरा कोरडा. मुलगा आनंदाने ओरडला, त्याने बायकोला व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न केला, रेंज नव्हती. फोरमन मात्र अस्वस्थ. टॉर्च खिडकीवरून टपाकडे, टपावरून दाराकडे, दाराकडून कपाटाकडे फिरत राहिला. कुठेच काही नाही. पिठलं-भाकरी झाली. काकू आडव्या झाल्या. इतक्या लांब येऊन करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.

अकराच्या सुमारास दार उघडल्याचा आवाज आला. पलीकडे मुंबईच्या कुणाची तरी नवी कोरी मोठी गाडी उभी होती, दिवे बंद करून. फोरमन रेनकोट घालून, टॉर्च घेऊन तिच्याभोवती फिरत होते. मग ते थांबले, पत्र्यावर टकटक केली आणि कान लावला. आतून दबक्या आवाजात कुणीतरी विचारलं, “कोण आहे?”

“घाबरू नका,” फोरमन ओरडून म्हणाले. “तुमच्या मागच्या दिव्यात पाणी चाललंय. स्टूल आहे का?”