टायर वेडेवाकडे कसे झिजवावेत?

चारही टायर सारखे झिजवणं कुठल्याही हॅचबॅकवाल्याला जमतं. तुम्ही थार किंवा जिम्नी घेतलीत ती चारचौघांत उठून दिसावी म्हणून. मग टायरही एकासारखा दुसरा दिसता कामा नये.

सुरुवात गिअरशेजारच्या छोट्या दांडीपासून करावी. ती २एच वरून ४एच वर ओढायची आणि विसरून जायचं. रस्ता मात्र कोरडा आणि डांबरी हवा. चिखलात, वाळूत चाकं निमूट घसरून घेतात, टायरला काही होत नाही. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे ४एच मध्ये दोन्हींकडे जाणारे शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले. अंतराचा हिशेब कुणीतरी चुकता करायला हवा. तो टायर करतो, रस्त्यावर खरडून. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहा. गाडी अडखळेल, चाकं कुरकुरतील. शेजाऱ्यांनी विचारलंच तर ‘फोर बाय फोर आहे ना’ एवढंच म्हणावं. (फुल-टाइमवाल्यांनी हा धडा सोडून द्यावा. त्यांच्या गाडीत मध्ये डिफरन्शियल असतं, सगळी मजा जाते.)

हवेचं सोपं आहे. वाळूत उतरताना १८ पॉइंटवर आणलेली हवा परतताना भरू नका; हायवेवर दोन्ही कडा झिजतील. उलट ठासून भरलीत तर मधला पट्टा जाईल.

अलाइनमेंटच्या वाटेला जाऊ नका, विशेषतः लिफ्ट किट बसवल्यावर. टो बिघडला की टायरच्या ठोकळ्यांना धार येते: तळहात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवत. वेगात घूं घूं आवाज येऊ लागला की गाणी मोठ्याने लावावीत. थारवाल्यांना पुढच्या चाकांचा कॅम्बर बिघडवून एकच कड खाण्याचीही सोय आहे. जिम्नीत पुढेही अख्खा एक्सल, तिथे कॅम्बर सहसा हलत नाही. बिचाऱ्यांनी टोवरच भागवावं.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदला, स्टेपनीही फिरवा, असं मेकॅनिक सांगेल. हसून मान हलवावी. पुढे दोन टायर गोटा झाले की दोनच नवे घ्यायचे. जुन्या-नव्यात जाडीचा फरक ६ मिलिमीटर धरला, तर नवं चाक एका फेऱ्यात सुमारे ३८ मिलिमीटर जास्त चालतं. जिम्नीच्या मापाच्या टायरला किलोमीटरमागे हा फरक १७ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ४एच टाकलं की आता वळणाचीही गरज नाही, सरळ रस्त्यावरही टायर खरडतील.