बोलत बोलत चढायची टेकडी

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनी डोंगराचा फार बाऊ करून ठेवला आहे. रविवारी पहाटे तीनला उठायचं, कपाळाला दिवा बांधायचा, पाठीला पिशव्या लावायच्या आणि कळसूबाईच्या 1646 मीटरवर जाऊन धापा टाकत फोटो काढायचा. हे वर्णन एकदा आमच्या वर्धेकडच्या एका काकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "वरत काय भेटते?" म्हटलं, खालचं सगळं दिसतं. काका म्हणाले, "खालचं तं खालूनच दिसून राहिलं न बाप्पा!"

या तर्काला उत्तर नाही. वर्धा जिल्ह्याला निसर्गानं उंच कडे दिले नाहीत, आणि ही उणीव आहे असं इथं कोणालाही वाटलेलं नाही. इथं टेकडी असते. ती कापसाच्या आणि तुरीच्या वावरांमधून हळूच उठते, माथ्यावर एखादं देऊळ किंवा दर्गा धरते आणि पलीकडे पुन्हा वावरात उतरते. चढताना गप्पा थांबत नाहीत, ही तिची खरी थोरवी. ज्या चढावर माणसाला बोलता येत नाही, तो चढ सहलीच्या कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिरडची टेकडी या कसोटीला पुरेपूर उतरते. नागपूरहून निघालं की जामच्या चौरस्त्यावर हमरस्ता सोडायचा, समुद्रपूर ओलांडायचं आणि पुढे गिरड. वाटेत समुद्र लागत नाही, तेव्हा पोरांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. गावाजवळच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघंही तिथं सारख्याच श्रद्धेनं येतात. आजूबाजूला साग, पळस, मोहाचं रान. पावसाळा सरल्यावर ते हिरवं असतं, होळीच्या सुमाराला पळस पेटतो, आणि एप्रिलनंतर ऊन असं तापतं की रानाकडे बघायला कोणी शुद्धीवर नसतं.

या टेकडीचं नवल पायाखाली आहे. इथं गोल, गुळगुळीत, सुपारीएवढे आणि त्याहून मोठे दगडी गोळे सापडतात. 1908 च्या इम्पीरियल गॅझेटियरसारख्या भारदस्त सरकारी ग्रंथानंही त्यांची कथा नोंदवून ठेवली आहे. तीस वर्षं फकिरीत भटकून बाबा सन 1244 च्या सुमारास इथं आले. दोन फिरते व्यापारी नारळ वगैरे माल घेऊन इथून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. व्यापारी गयावया करू लागले, तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. मग मात्र ते दोघं बाबांच्या सेवेत कायमचे राहिले. त्यांच्या म्हणून दोन कबरी टेकडीवर दाखवतात.

मला या गोष्टीतला बाबांचा व्यवहार फार आवडतो. शिक्षा केली, पण नुकसानभरपाईही दिली, आणि तीही पंचनाम्याशिवाय! अतिवृष्टीनंतर कचेरीच्या पायऱ्या झिजवलेला कास्तकार ही कथा ऐकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेगळाच भाव उमटत असणार.

भूगर्भवाल्यांची कथा जास्त लांबणीची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर लाव्हा पसरला. तो थंड होताना आतले वायूचे बुडबुडे तसेच कोंडले गेले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं ऊन पाणी झिरपलं आणि झिओलाइटसारखी खनिजं साचत गेली. भोवतालचा काळा पाषाण झिजला की असे गोळे मोकळे होतात. गॅझेटियरनंही हे गोळे झिओलाइटचेच सांगितले आहेत. दोन्ही कथा चढताना सांगायच्या. बाबांची आधी, कारण ती अर्ध्या वाटेत संपते. भूगर्भाची नंतर, कारण तिच्यात साडेसहा कोटी वर्षं आहेत आणि माथा लवकर येतो.

इतिहासातले बाबा फरीद, ज्यांची वचनं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांची समाधी पंजाबात पाकपट्टणला आहे. म्हणजे आज पाकिस्तानात. सीमेवर एवढी तारेची कुंपणं झाली, तरी त्यांचं एक ठाणं समुद्रपूर तालुक्यात सुखरूप आहे. तीस वर्षं चालणारा माणूस कुठंही पोचू शकतो.

चालण्याच्या बाबतीत या जिल्ह्यावर तसा अन्यायच झाला आहे. एक तर हे बाबा. मग गांधीजी. 1930 साली दांडीपर्यंत पायी गेले, स्वराज्याशिवाय साबरमतीला परतणार नाही म्हणाले आणि 1936 च्या एप्रिलअखेरीस शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिले. एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या खेड्यात मुक्काम हलवणारा माणूस काय ताकदीचा असेल, हे वर्धेकरच जाणे. तिथंही फिरणं सुटलं नाही, आणि बरोबरच्यांना त्यांना गाठायला पळावं लागे. त्यांच्यानंतर पवनारचे विनोबा. 1951 मध्ये भूदानासाठी निघाले ते देशभर पायी फिरत राहिले आणि 1964 मध्ये धाम नदीच्या काठी परतले. तेरा वर्षं! एका जिल्ह्याच्या वाट्याचं सगळं चालणं या तिघांनी उरकून टाकलं. आता आम्ही उरलेल्यांनी अर्ध्या तासाची टेकडी चढली तरी पुष्कळ झालं.

शिवाय आमच्याकडे सहलीला चालणं हे तोंडी लावण्यापुरतं असतं. मुख्य जेवण. तीन दगडांची चूल, पातेल्यात वरण, वांग्याची झणझणीत भाजी आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे. रोडगा भाजला की राख झटकायची, हातानं फोडायचा आणि तुपात बुडवायचा. राखेचा थोडा कण दाताखाली आला तर तक्रार करू नये. तो घरी मिळत नाही. कार्तिकात आवळीभोजन असतं. आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवलं की पुण्य लागतं, असं आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवलं. पर्यटन खातं नव्हतं तेव्हाची ही योजना, आणि तिला कधी निधी कमी पडला नाही.

पाणी पाहायची हौस असेल तर धाम नदीवर महाकाळीचं धरण आहे, सेलू तालुक्यात बोर धरण आहे. बोरचं जंगल 1970 पासून अभयारण्य आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. तिथं गाडीतून उतरायची मुभा नसते, त्यामुळे ही सहल गुडघ्यांना फार मानवते. नागपूरच्या पलीकडे रामटेक. पायथ्याशी अंबाळा तलाव, जवळच खिंडसी, वर गडमंदिर. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. मला ते शंभर टक्के पटतं, पण कारण वेगळं आहे. निरोप बायकोला पोचवायचा, तर यक्ष स्वतः टेकडीवर बसून राहिला आणि एवढ्या लांब अलकेला ढगाला धाडलं. हा माणूस विदर्भात मुरलेला होता यात शंका नाही.

तळ्याकाठी मात्र एक अडचण आहे. पाणी दिसलं की घरातल्या प्रत्येक पुरुषाला आपण पोहण्यात पटाईत होतो हे आठवतं. धरणाच्या पाण्यात ही आठवण काढू नये. टेकडीवर असा धोका नाही. तिथं फार तर कोणी कविता म्हणतो.

तेव्हा गिरडला जा. दिवाळीनंतर जा, थंडी संपायच्या आत जा. प्यायचं पाणी भरपूर न्या. ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला आणि बोर यांच्यामधला हा पट्टा वाघांच्या जाण्यायेण्याचा आहे, म्हणून रानात आडवाटेनं शिरू नका आणि दिवस मावळायच्या आत गाडीत बसा. पत्रावळी आणि प्लास्टिक गोळा करून परत आणा. आणि ते दगडी गोळे हातात घ्या, पोरांना दाखवा, दोन्ही कथा सांगा, पण खिशात घालू नका. बाबांनी माल बदलून दिला तो त्या व्यापाऱ्यांना. आपल्याला मिळेलच असं नाही.